कशासारखं? आणि कुठे तसं नाही?

(अंबड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची ज्येष्ठ मंडळी, तालुक्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले गुरुजी आणि बाई, पालक, आणि मागे सतरंजीवर बसलेले डी.एल.एड.चे विद्यार्थी,

आत्ता मी 'तालुक्याचा कानाकोपरा' म्हणालो. तालुक्याला कोपरा असेल एक वेळ, पण कान? तुमच्यापैकी कोणीही दचकलं नाही. एखादं सात वर्षांचं पोर इथे असतं तर त्यानं आईचा पदर ओढून विचारलं असतं, "तालुक्याला कान असतो का गं?" आणि आईनं सांगितलं असतं, "गप बस, भाषण चालू आहे."

हे जे 'गप बस' आहे ना, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आला, 'पहिली ते चौथीच्या मुलांना आलंकारिक भाषेची ओळख'. तो वाचून एका परिचितांनी विचारलं, "अलंकार नववी-दहावीला असतात ना?" शंका रास्त आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही सगळी मंडळी आपल्याला नववी-दहावीतच भेटली. भेटली, दोन गुण देऊन गेली, आणि पुन्हा कधी घरी आली नाहीत. (हशा)

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आलंकारिक भाषा मुलाला शाळेनं द्यावी लागत नाही. मूल ती घरून घेऊन येतं. पहिली ते चौथीत आपण ती त्याच्याकडून काढून घेतो आणि नववीत नावं चिकटवून परत देतो. ओळख करून द्यायची आहे ती मुलाला नाही. मुलाच्या तोंडी जे आधीपासून आहे त्याची ओळख आपल्याला करून घ्यायची आहे. मग ते जपायचं कसं आणि वाढवायचं कसं, हा पुढचा भाग.

मूल काय घेऊन येतं ते आधी पाहू.

मांडी घालून बराच वेळ बसलेलं चार वर्षांचं मूल उठतं आणि म्हणतं, "पायाला मुंग्या आल्या." हे त्यानं मोठ्यांकडून ऐकलेलं असतं. पण हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय केलं असेल? खाली वाकून मुंग्या शोधल्या असतील. आणि ज्या मुलाला हे वाक्य कोणी शिकवलेलंच नाही, ते काय म्हणेल? ते म्हणेल, पायात सोडा फुटतोय. म्हणेल, पायात टीव्हीची खरखर झाली. अनुभव आहे, शब्द नाही, म्हणून जवळचा दुसरा अनुभव उचलून तिथे ठेवायचा. आपल्या सगळ्या साहित्यशास्त्राची सुरुवात याच कृतीपासून होते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच सांगितले आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यातल्या पहिल्या दोहोंची शाळा अंगणवाडीत रोज भरते.

कोर्नेय चुकोव्हस्की नावाचा एक रशियन कवी होता, मुलांसाठी लिहायचा. लहान मुलांची बोलणी तो वर्षानुवर्षं टिपून ठेवत असे, आणि देशभरचे आईबाप त्याला आपापल्या पोरांची वाक्यं पत्रानं कळवत. त्यातून 'दोन ते पाच' नावाचं त्याचं पुस्तक तयार झालं. त्यानं एक गंमत नोंदवली आहे. हेच पोर, जे स्वतः नवनव्या उपमा घडवत असतं, ते मोठ्यांची लाक्षणिक बोलणी मात्र अक्षरशः घेतं आणि भांडायला उठतं. स्वतःच्या पायात सोडा फुटलेला त्याला चालतो, तालुक्याला कान असलेला चालत नाही. का बरं? कारण सोड्याची जोडणी त्यानं स्वतः केली आहे. कशाचं काय सारखं आहे ते त्याला ठाऊक आहे. कानाच्या बाबतीत जोडणी दुसऱ्यानं केली आणि ती कुठे केली ते कोणी दाखवलं नाही.

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळा विषय इथेच आहे.

१९६० साली सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नर्लोव्ह या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना साधे प्रश्न विचारले. गोड, थंड, कठीण हे शब्द वस्तूंना लागतात, ते माणसांना लागतील का? तीन-चार वर्षांची मुलं साफ नाही म्हणाली. माणूस कसा गोड असेल, त्याला कोणी चाटून बघितलंय? थोडी मोठी मुलं हो म्हणाली, पण साखरेच्या गोडीशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना सांगता येईना. संबंध उलगडून सांगणारी मुलं अकरा-बारा वर्षांची होती. आपल्याकडे हा खेळ आणखी रंगेल. आपल्या गावात गोड पोरगी आहे, तिखट जाऊबाई आहे, कडक मास्तर आहेत आणि थंड साहेब तर प्रत्येक कचेरीत आहेत. (हशा)

दुसरा प्रयोग १९७६चा. एलन विनर, हॉवर्ड गार्डनर आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं मुलांना एक वाक्य दिलं. त्याचा आशय असा, की तुरुंगात अनेक वर्षं काम करून तो पहारेकरी हलवता न येणारा दगड झाला होता. याचा अर्थ काय? सहा-सात वर्षांची काही मुलं म्हणाली, कोणीतरी जादू करून त्याला दगड बनवलं. काहींनी त्याहून शहाणपणाचा तोडगा काढला, तुरुंगाच्या भिंती दगडाच्या होत्या आणि हा तिथे काम करायचा. दहाच्या पुढची मुलं म्हणाली, तो माणूस निष्ठुर झाला.

या मुलांना आपण काय म्हणू? चुकली? मला तर पहिली दोन उत्तरं फार आवडतात. जादूवाल्या मुलानं वाक्याचा मान राखला. भिंतीवाल्या मुलानं माणसाचा आणि दगडाचा काहीतरी संबंध असलाच पाहिजे हे ओळखलं आणि तो शोधायला निघालं. फक्त तो त्याला चुकीच्या ठिकाणी सापडला.

पुढे याच अभ्यासकांनी असंही म्हटलं की शाळेची पहिली काही वर्षं मुलं 'जसं आहे तसं' बोलण्याच्या टप्प्यात जातात, त्यांच्या स्वतःच्या उपमा कमी होतात. नंतरच्या संशोधकांनी यावर वाद घातला. त्यांचं म्हणणं असं, की मूल अडतं ते रूपकामुळे नाही. ज्या दोन गोष्टी जोडल्यात त्यांतली एक त्याच्या अनुभवात नसते म्हणून ते अडतं. सहा वर्षांच्या पोरानं निष्ठुर पहारेकरी कधी पाहिलाय? हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपल्याला त्यातून वर्गासाठी एक सरळ गोष्ट मिळते. ज्या उपमेची दोन्ही टोकं मुलाच्या गावात आहेत, तिथून सुरुवात करा.

आणि अंबडच्या मुलाच्या गावात काय कमी आहे?

उसाचं बेणं घ्या. टिपरीला डोळा असतो. दोन डोळ्यांची टिपरी लावायची की एक डोळ्याची, यावर घरात चर्चा होते. तो डोळा बघत नाही, पण त्यातूनच कोंब बाहेर डोकावतो. ज्वारी पोटरीत येते. पोरानं आपल्या पायाची पोटरी चाचपून बघावी आणि मग ताटाचा तो फुगलेला भाग बघावा, त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. माठाला गळा आहे, विहिरीला तोंड आहे, डोंगराला माथा आहे आणि सोंडही आहे. मोसंबीच्या बागेला ताण देतात. बहर धरायचा म्हणून झाडाचं पाणी तोडतात आणि म्हणतात, बाग ताणावर सोडली. त्याच घरात दहावीच्या ताईला परीक्षेचा ताण आलेला असतो. धाकट्यानं विचारावं, ताईचं पाणी तोडलं का? (हशा) हसू नका. हा प्रश्न विचारणारं मूल भाषेच्या फार जवळ पोचलेलं आहे. पाणी तोडल्यावर झाडाला काय होतं आणि परीक्षा जवळ आल्यावर ताईला काय होतं, एवढं दोघांनी मिळून बोललं तर नववीचा एक तास वाचला.

पावसाकडे बघा. मराठवाड्यातलं पोर कळायला लागल्यापासून ऐकतं की पावसानं दडी मारली. दडी कोण मारतं? लपंडावातला गडी. पाऊस लपलाय, आपण त्याला शोधतोय, आणि राज्य आपल्यावर आहे. याला पाठ्यपुस्तकात चेतनगुणोक्ती म्हणतात. पाऊस उघडतो, विहीर तळ गाठते, कापसाचा भाव चढतो आणि विकायला नेला की पडतो. भाव पडला म्हणजे कुठे पडला? जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की जास्त म्हणजे वर आणि कमी म्हणजे खाली असं रूपक आपण श्वासासारखं वापरतो आणि ते रूपक आहे हे विसरून जातो. बाजार समितीच्या कट्ट्यावर बसलेल्या शेतकऱ्याच्या नातवाला हे पुस्तकाशिवाय कळू शकतं. पोत्यावर पोतं रचलं की थप्पी वर जाते. जास्त म्हणजे वर. त्याला थप्पी दाखवा.

आता पद्धतीबद्दल.

वर्गात मी दोन प्रश्न सुचवतो. पहिला, कशासारखं? दुसरा, कुठे तसं नाही? पहिला प्रश्न आपण थोडाफार विचारतो. दुसरा कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते खरं काम दुसराच करतो.

तुमच्या गावातलं उदाहरण घेतो. मत्स्योदरी देवीची टेकडी. तिचा आकार माशासारखा आहे असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, देवीचं नावही त्यावरून पडलं असं मानतात. तुमच्या मुलांना हे पाठ आहे. पण त्यांनी तो मासा पाहिलाय का? तिसरीचा वर्ग घेऊन निघा. पायथ्याशी उभे राहा, मासा दिसतो का विचारा. दिसणार नाही, पायथ्यावरून डोंगर म्हणजे पायऱ्या. मग लांब जा, बाजू बदला, पाटीवर बाह्यरेषा काढायला लावा. तोंड कुठलं, शेपूट कुठली, हे मुलांनी बोटानं दाखवावं. कोणी म्हणेल मला मासा दिसत नाही, हत्ती बसलेला दिसतो. बाईंनी काय म्हणायचं? "चूक" म्हणायचं नाही आणि "छान छान" पण म्हणायचं नाही. म्हणायचं, "दाखव." सोंड कुठे, पाठ कुठे? दाखवता आलं तर हत्ती मंजूर, नाही आलं तर पुन्हा बघ. कल्पनाशक्तीच्या नावाखाली काहीही चालतं असं मुलांना वाटू देऊ नका. उपमा ही दाखवून सिद्ध करायची गोष्ट आहे.

मग दुसरा प्रश्न. ही टेकडी माशासारखी कुठे नाही? मुलं तुटून पडतील. तिला खवले नाहीत. ती पोहत नाही. तिच्या पाठीवर माणसं चढतात. मासा पाण्यावाचून मरतो, टेकडी उन्हाळ्यातही तशीच. कोणीतरी हुशार म्हणेल, माशाच्या पोटात काटे असतात, हिच्या पोटात देवी आहे. बघा, नाही-नाही म्हणता म्हणता पोर नवी उपमा घेऊन आलं.

या दुसऱ्या प्रश्नानं काय साधतं? तुरुंगातल्या पहारेकऱ्याकडे परत जाऊ. तो दगडासारखा कुठे नाही? तो जेवतो. पगार घेतो. घरी जातो. एवढं ठरलं की जादूचा मार्ग बंद होतो. तो दगड झालेला नाही हे नक्की झालं, मग आता कशात दगड आहे? कोणी रडलं तरी त्याला काही होत नाही, त्यात. सात वर्षांचं मूल तिथवर स्वतःच्या पायांनी पोचतं. आपण 'दगड म्हणजे निष्ठुर' असा अर्थ लिहून दिला असता तर त्यानं पाठ केला असता, आणि पुढच्या गोष्टीत कोणी 'दगडासारखा झोपला' म्हटलं की पुन्हा अडलं असतं. तो निष्ठुरपणे झोपला का?

वाक्प्रचारांचं दुखणं नेमकं हेच आहे. आपण काय करतो? डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, जोड्या लावा, वाक्यात उपयोग करा. मूल लिहितं, 'मला तोंडचे पाणी पळाले.' आपण तांबडी रेघ मारतो. त्याला वाक्य बनवता आलं नाही कारण त्याच्या अंगात तो अर्थ कधी उतरलाच नाही.

वाक्प्रचार सगळे एका जातीचे नसतात हो. काही अंगावरचे असतात. तोंडाला पाणी सुटणं. हे तर खरंच सुटतं! कैरी आणि मीठ वर्गात नुसतं दाखवा, पाणी सुटतं की नाही ते मुलं सांगतील. तोंडचं पाणी पळणं, हेही खरं आहे. घाबरल्यावर तोंड कोरडं पडतं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. एक शिकवायचं, दुसरं मुलं स्वतः शोधतील. पाय जड होणं, डोकं तापणं, अंगावर काटा येणं, छाती धडधडणं यांची सुरुवात शरीरातून होते आणि अर्थ मनापर्यंत जातो. पहिली-दुसरीत एवढेच पुरेत.

मग येतात चित्रातले. पोटात कावळे ओरडणं. नाक खुपसणं. कानाला खडा लावणं. हे अंदाजानं कळतात, संदर्भ मिळाला तर. इथे दोन चित्रांची युक्ती चालते. एका चित्रात म्हटलंय तसं, दुसऱ्यात म्हणायचंय तसं. पोटात कावळे बसवायला मुलांना भारी आवडतं. पण दुसरं चित्र काढून घेतल्याशिवाय पाटी पुसू देऊ नका.

आणि शेवटचे ते, ज्यांचा दरवाजा हरवलाय. ताकास तूर लागू न देणं. बारा वाजणं. यात ताक का, तूर का, हे आपल्यालाही सांगता येत नाही. असे वाक्प्रचार तर्कानं शिकवता येत नाहीत, ते ऐकून ऐकूनच येतात. ते चौथीच्या परीक्षेत विचारणं हा मला निव्वळ छळ वाटतो. माझं हे मत कडक वाटलं तर वाटू द्या.

इथे तांड्यावरच्या मुलांबद्दल बोललं पाहिजे. आपल्या भागातल्या कितीतरी शाळांत निम्मा वर्ग घरी गोरमाटी बोलतो. त्या मुलाला मराठी येत नाही असं नाही. त्याला मराठीचे कावळे येत नाहीत. भूक त्यालाही लागते, पण त्याच्या आजीच्या तोंडी भुकेसाठी वेगळं काही असेल. मग विचारा ना! तुझ्या घरी फार भूक लागली की काय म्हणतात? राग आला की? पाऊस आला नाही की? ते फळ्यावर लिहा, शेजारी मराठी लिहा, आणि वर्गाला तेच दोन प्रश्न विचारा. त्या तासाला शिकवणारं ते मूल असेल, शिकणारे आपण. आज या सभागृहात जे गोरमाटी जाणणारे शिक्षक आहेत त्यांनी असा एक लहानसा संग्रह केला तर तालुक्यावर उपकार होतील.

आता वाचनाकडे येतो, कारण आलंकारिक भाषा मुलाला पुस्तकातही भेटते.

निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत अशी त्यात अपेक्षा आहे. ती अपेक्षा 'अर्थासह' वाचण्याची आहे, हा शब्द मुद्दाम ठळक करून सांगतो. कारण घड्याळ शब्द मोजतं, अर्थ मोजत नाही. मूल धडाधड वाचतं, 'राजाच्या पायाखालची जमीन सरकली', आणि पुढे जातं. विचारा, काय झालं? "भूकंप झाला." ६० शब्द झाले, राजाचं राज्य गेलं ते कळलंच नाही.

मग प्रत्येक ओळीवर थांबायचं का? मुळीच नाही. गोष्ट मरते. एका गोष्टीत एकच थांबा घ्या. गोष्ट आधी पूर्ण वाचून दाखवा, रंगवून वाचा, मग मागे या आणि एका जागी बोट ठेवा. राजाच्या पायाखालची जमीन कुठे गेली? बाकीच्या उपमा मुलांच्या कानावरून जाऊ द्या. कानावरून गेलेलं सगळं वाया जात नाही.

आणि गोष्टी कुठल्या? आपल्या घराघरांतला खुळा जावई आठवतो का? सासूनं जे सांगितलं ते शब्दशः करणारा. त्याच्या गोष्टी सात-आठ वर्षांच्या मुलांना जितक्या आवडतात तितक्या मोठ्यांना आवडत नाहीत. कारण शब्दांचा अर्थ शब्दांइतकाच नसतो, हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं, आणि कालपर्यंत आपण जिथे पडत होतो तिथे आता दुसरा पडताना बघण्याची मजा काही औरच. अमेरिकेत पेगी पॅरिश नावाच्या बाईंनी १९६३ साली अमीलिया बेडीलिया नावाची अशीच एक मोलकरीण जन्माला घातली, मालकिणीचं प्रत्येक वाक्य अक्षरशः पाळणारी. तिकडच्या प्राथमिक शाळांत ती अजून राबते आहे. आपला जावई मात्र आपण शाळेबाहेर ठेवला. त्याला वर्गात घ्या. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर खुले केले आहेत. मुख्याध्यापकांच्या मोबाइलवरसुद्धा उघडतात.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान मुलांना रूपक झेपेल का? या प्रश्नाचं उत्तर मी परदेशातून आणणार नाही. जांब समर्थ इथून कितीसं लांब आहे? पूर्वी ते अंबड तालुक्यातच होतं. तिथे १६०८ साली जन्मलेल्या रामदासांचे मनाचे श्लोक चार-पाच वर्षांची पोरं परवचा म्हणताना म्हणत आली. मनाला समोर बसवून, भल्या माणसाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलायचं. कुठल्या पोरानं अडवून विचारलं, की मनाला कान कुठे आहेत? तिकडे पैठणला नाथांनी भारुडं लिहिली. विंचू, जोशी, वासुदेव अशी सोंगं घेतली, आणि समोर बसलेल्या निरक्षर बायाबापड्यांना तो विंचू नांगी असलेला विंचू नाही हे कळत होतं. भारुडाची रचनाच तशी आहे. आधी सोंग पुरेपूर नाचू द्यायचं, आणि मग हळूच अर्थाचा धागा हाती द्यायचा. आपण वर्गात उलटं करतो, अर्थ आधी सांगून टाकतो. आणि खानदेशातल्या बहिणाबाई तर शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांनी मनाला पिकात शिरणारं जनावर म्हटलं. त्यांच्या मुलानं ती गाणी लिहून ठेवली म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती महाराष्ट्रापुढे आली. बहिणाबाईंच्या वहीत बाईंनी तांबडी रेघ मारली असती तर? 'मन जनावर नसते. पुस्तकातले वाक्य लिही.'

काय करू नये, तेही सांगतो, झटपट. चौथीपर्यंत अलंकारांची नावं सांगू नका. चंद्रासारखा मुखडा, फुलासारखी नाजूक, मोत्यासारखे दात यांना वर्गात बंदी घाला, निदान श्रावणापर्यंत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडून 'ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन, ॲज बिझी ॲज अ बी' अशी यादी पाठ करून घेतात. ती यादी म्हणजे दुसऱ्याच्या पोरांनी शेकडो वर्षांपूर्वी लावलेल्या जोड्या. आणि 'सारखा, सारखी, सारखे वापरून पाच वाक्ये लिहा' हा गृहपाठ देऊ नका. मूल पाच वाक्यं लिहितं, त्यातली चार गाइडमधली असतात.

एक गोष्ट उरली. ती जड आहे, पण इथे अंबडमध्ये उभं राहून ती टाळता येणार नाही.

दिवाळी झाली की आपल्या वर्गातली काही मुलं दिसेनाशी होतात. आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. मुकादम जेव्हा माणसं ठरवतो तेव्हा तो माणसं मोजत नाही. तो कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. ज्या मुलाच्या आईबापांना मिळून एक कोयता म्हणतात, त्या मुलाला तुम्ही लक्षणा काय शिकवणार? हत्याराचं नाव माणसाला लागतं हे त्याला भूगोलाच्या आधी कळलेलं असतं.

आलंकारिक भाषा म्हणजे सजावट, असं आपल्याला 'अलंकार' या नावामुळे वाटत राहतं. पण बोलण्यातली ही जोडणी कधी कधी माणसाला लहानही करते. म्हणून तो दुसरा प्रश्न. हे मूल एप्रिलमध्ये परत येईल, तेव्हा त्याला एकटं गाठून विचारू नका, चारचौघांत त्याची परिस्थिती काढू नका. पण वर्गात 'हत्यारांची नावं आणि माणसं' असा विषय निघाला आणि त्यानंच आपणहून कोयत्याचं सांगितलं, तर गप्प बसून ऐका, आणि मग सगळ्या वर्गाला विचारा. माणूस कोयत्यासारखा कुठे नाही? मुलं सांगतील. कोयत्याला ताप येत नाही. कोयत्याला लेकरू नसतं. कोयता दुखतोय म्हणून बसत नाही. फळा भरेल. त्या दिवशी भाषेचा तास झाला की दुसरा कसला, हे वेळापत्रकात शोधू नका.

या सभागृहात माध्यमिकचे शिक्षकही बसलेत, त्यांना वाटत असेल याचा आम्हाला काय उपयोग. उपयोग असा. 'कशासारखं, आणि कशात?' या प्रश्नाला सरावलेल्या मुलाला नववीत साधारण धर्म शोधायला सांगावा लागत नाही, तो चार वर्षं तेच करत आलेला असतो. 'कुठे तसं नाही?' हा प्रश्न ज्याला परिचयाचा आहे त्याला व्यतिरेक आणि अपन्हुती यांतला फरक पाठ करावा लागत नाही. तुम्ही फक्त नावं द्यायची.

आणि प्राथमिकच्या गुरुजींना आणि बाईंना एक लहानशी विनंती. आपल्या प्रत्येक शाळेत परिपाठाला फळ्यावर सुविचार लिहितात. पाच दिवस थोरामोठ्यांचे सुविचार लिहा. एक दिवस, समजा शनिवारी, त्या जागी आपल्याच शाळेतल्या एखाद्या मुलाचं त्या आठवड्यातलं वाक्य लिहा, त्याच्या बोलीत, त्याच्या नावासकट. 'आमची विहीर आता नुसती खाकरते.' असं काहीतरी. त्यासाठी आठवडाभर कान उघडे ठेवून मुलांचं बोलणं ऐकावं लागेल, आणि मुलांना कळेल की कोणीतरी ऐकतंय. सहा महिन्यांनी त्या वाक्यांची वही होईल. केंद्रप्रमुख साहेब समोर बसलेत, शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेनं ती वही आणावी असं त्यांनी ठरवलं तर मी स्वखर्चानं ऐकायला येईन.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आता तुमचे प्रश्न घेतो.